मदत हवी आहे: आयोस बेटावर एकटीने राहायला कुठे बरं?

नमस्कार मंडळी, जुलैच्या शेवटी ग्रीसला एकटीच जातेय, सँटोरिनीच्या आधी आयोसला थोडे दिवस राहायचा विचार आहे. आता आयोस म्हणजे पार्टीवाल्यांचं बेट हे माहितीये, तिथल्या चोरा गावात रात्री बारानंतर गर्दी सुरू होते ती पहाटेपर्यंत, आणि मला एखाद रात्र ती मजा बघायचीच आहे हो, पण रोज नको, झोपपण प्यारी आहे! 😄 म्हणून प्रश्न असा की चोरामध्येच रूम घ्यावी का खाली मिलोपोटास बीचजवळ? बंदर, चोरा आणि मिलोपोटास अशी बस आहे ते कळलं पण रात्री उशिरा एकटीने परतताना कसं वाटतं, हे कोणी बाई जाऊन आली असेल तर प्लीज सांगा, बाप्यांचे "काही होत नाही गं" नकोत.

दुसरं, उत्तरेला प्लाकोटोसला प्राचीन ग्रीक कवी होमरची समाधी म्हणून दाखवतात ती जागा बघायचीये (खरी खोटी देव जाणे), तिथे स्कूटर न चालवता कसं जायचं?

आणि बेटावर विमानतळ नाही, सगळा भरवसा फेरीबोटीवर, त्यात जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी वारा सुटला की फेऱ्या रद्द होतात म्हणे, मग अथेन्सच्या परतीच्या फ्लाइटआधी किती दिवस हाताशी ठेवू?

मी शाकाहारी आहे, फावा (पिवळ्या डाळीचं घट्ट वरणासारखं) आणि ग्रीक सॅलड चालेल, गेमिस्तात (भरलेल्या टोमॅटो-मिरच्या) खिमा असतो का ते आधी विचारावं लागतं ना?