बालकासारखे होणे: विश्वासाचा पाया, की अपरिपक्व राहण्याची सबब?

द्राक्षवेल
मत्तय 18:1-4 वर (बालकांसारखे झाला नाहीत तर स्वर्गाच्या राज्यात जाणार नाही, असं येशू तिथे म्हणतो) बोलताना बहुतेक वेळा "मुलं किती निष्पाप असतात" एवढाच गोड अर्थ काढला जातो. उताऱ्याचा रोख तिकडे नाही. शिष्यांनी विचारलं होतं, स्वर्गाच्या राज्यात सर्वांत मोठा कोण? मार्क 9 प्रमाणे हाच वाद त्यांनी कफर्णहूमाच्या वाटेवर घातला होता आणि येशूने विचारल्यावर ते गप्प बसले. अशा माणसांच्या मध्ये त्याने बालक उभं केलं. त्या काळी मुलाला काही दर्जा नव्हता. गलती 4:1-2 मध्ये प्रेषित पौल म्हणतो की वारस लहान असेपर्यंत सगळ्याचा धनी असूनही दासापेक्षा वेगळा नसतो. येशूने बोट ठेवलं ते या जागेवर: स्वतःच्या नावावर दाखवायला काही नसलेल्याच्या.

लूकच्या 18व्या अध्यायातला क्रम बघा. आधी परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाचा माणूस), आठवड्यातून दोनदा उपास करणारा आणि दशमांश मोजून देणारा. शेवटी श्रीमंत अधिकारी, सगळ्या आज्ञा पाळल्याचं सांगणारा. या दोघांच्या मधोमध तान्ही मुलं, ज्यांना कुणीतरी उचलून आणलं आहे.

माझं म्हणणं असं की देवावर अवलंबून राहणं ही नव्या विश्वासणाऱ्याची इयत्ता नाही. माणूस विश्वासात जितका मुरतो तितकं ते वाढतं (योहान 15:5). ते रोजच्या प्रार्थनेत उतरलं पाहिजे. दिवसाचा बेत आखायच्या आधी पंधरा मिनिटं पुरतात. सुरुवात "हे पित्या" म्हणून. मग पापकबुली, पण मोघम "मी पापी आहे" नको; काल कुणाशी काय खोटं बोललो ते नाव घेऊन. मग फक्त आजची गरज. निर्गम 16 मध्ये मान्ना (रानात देवाने इस्राएलांना दिलेलं रोजचं अन्न) माणशी एक ओमर, म्हणजे एक ठरलेलं माप, गोळा करायचा होता. उद्यासाठी ठेवला त्यात किडे पडले. शब्बाथाच्या (विश्रांतीच्या दिवसाच्या) आदल्या दिवशी तेवढा दुप्पट. शेवटी आज आपल्या हाताबाहेर असलेली एक गोष्ट देवाला सांगून सोपवायची. ही प्रार्थना कोरडी पडते ती बहुधा पापकबुली मोघम राहिल्यामुळे.

बिरुयाकर
उताऱ्याचा अर्थ मान्य, जोर अमान्य. "बुद्धीने बालके होऊ नका" हे 1 करिंथ 14:20 मध्ये स्पष्ट आहे. इब्री 5:12-14 मध्ये तर शिक्षक व्हायच्या वयात दूध मागणाऱ्यांची कानउघाडणी आहे आणि इफिस 4:14 प्रत्येक वाऱ्याने हेलकावणाऱ्या बालकांबद्दल बोलतं. नव्या करारातली पत्रं वाचली तर मंडळीला (चर्चला) वारंवार सांगितलं जातं ते प्रौढ व्हायला.

अवलंबून राहण्याची शिकवण एकटी दिली की ठरावीक ठिकाणी बिघडते. नोकरी, लग्न, घर, सगळं पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) विचारून. औषध बंद, कारण "देव बरं करील". निर्णयाची खूण म्हणून "मनाला शांती वाटली". योना देवापासून पळत असताना तारवाच्या तळाशी गाढ झोपला होता (योना 1:5). शांत मन म्हणजे मार्गदर्शन असं धरलं तर योनाही बरोबर ठरेल.

सगळ्यांत वाईट म्हणजे "नम्र व्हा" हे वाक्य नेहमी वरून खाली बोललं जातं. तरुणांना, स्त्रियांना, हिशोब विचारणाऱ्याला. पौलाने वर्गणी पोचवताना आपल्यावर बोट ठेवलं जाऊ नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली (2 करिंथ 8:18-21). "माझ्यावर मुलासारखा भरवसा ठेवा" असं तो म्हणाला नाही.

द्राक्षवेल
तुमची यादी खरी आहे, कारण वेगळं आहे. या सगळ्या ठिकाणी अवलंबून राहणं पित्याकडून सरकून माणसाकडे गेलं आहे. त्याला मत्तय 23:9 मध्ये (पृथ्वीवर कुणाला पिता म्हणू नका) थेट मनाई आहे. आणि मत्तय 18 मध्ये नम्र व्हायला सांगितलं ते कुणाला? मोठेपणासाठी भांडणाऱ्या प्रेषितांना. बालकाला तिथे उपदेश नाही. पुढच्याच सहाव्या वचनात, लहानाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याची गोष्ट आहे. 1 पेत्र 5 चा क्रमही तसाच: धनीपणा करू नका हे आधी मंडळीच्या वडिलांना (पुढाऱ्यांना), मग तरुणांना अधीन राहायला, मग सगळ्यांना नम्रता. खालून सुरुवात करणारा उपदेशक हा क्रम उलटा करतो.

बालकपण म्हणजे मुकेपणाही नाही. 1 शमुवेल 3 मधल्या मुलाला, शमुवेलाला, देवाने दिलेला पहिला निरोप त्याच्याच गुरूविरुद्ध, एलीच्या घराण्याविरुद्ध होता. तो घाबरला, पण सकाळी काहीही न लपवता त्याने सगळं सांगितलं.

निरंजन-ज्योत
कॅथलिक बाजूने थोडं. संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या मठनियमांत 7वं प्रकरण नम्रतेच्या 12 पायऱ्यांचं आहे आणि तेच सगळे सांगतात. 3रं वाचावं. महत्त्वाचा प्रश्न आला की मठाधिपतीने सगळ्यांना बोलवायचं, कारण प्रभू बरेचदा लहानाला अधिक चांगलं ते दाखवतो. म्हणजे नम्रता ही बैठकीच्या रीतीत घातलेली आहे.

लिझ्यूची संत तेरेजा 1897 साली 24व्या वर्षी वारली आणि 1997 मध्ये तिला ख्रिस्तसभेची आचार्य घोषित केलं गेलं. तिची 'छोटी वाट' (लहान गोष्टी प्रेमाने करत देवाकडे जाणं) म्हणजे हात बांधून बसणं नव्हे. मठातली जी भगिनी तिला अजिबात आवडत नसे, तिच्याशी ती मुद्दाम हसून वागे. हे आजही करता येतं: ज्याचा त्रास होतो असं एक माणूस निवडायचं, आठवडाभर त्याच्यासाठी रोज एक लहान काम करायचं, कुणाला सांगायचं नाही. प्रयत्न पूर्ण आपला, त्याचा भाव मात्र लावायचा नाही.

बिरुयाकर
3रं प्रकरण सुंदर आहे, पण त्याच 7व्यातली पाचवी पायरी म्हणजे मनातले वाईट विचारही मठाधिपतीपासून न लपवणं. मठात नियम आणि नवस दोन्ही बाजूंना बांधतात. साध्या मंडळीत ती चौकट नसते, आणि तिथे ही पायरी एका माणसाच्या हातात सगळ्यांच्या दोऱ्या देते. पापकबुली ऐकणारा आणि पैसे सांभाळणारा एकच असू नये, एवढं तरी पाळा.

अवलंबून राहणं आणि जबाबदारी एकत्र कशी दिसते यासाठी प्रेषित 27 घ्या. वादळात सापडलेल्या तारवातल्या 276 जणांपैकी कुणाचा जीव जाणार नाही हे पौलाला देवाच्या दूताने सांगितलेलं आहे. तरी खलाशी होडी सोडून पळू लागले तेव्हा पौल शताधिपतीला (रोमी लष्करी अधिकाऱ्याला) म्हणतो, हे तारवात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. वचन मिळाल्यावरही त्याने खलाशी रोखले, सगळ्यांना जेवायला लावलं. इंग्लंडमध्ये अनाथालयं चालवणाऱ्या जॉर्ज म्यूलरचंही तसंच. ब्रिस्टलमध्ये 1849 साली उघडलेल्या त्याच्या पहिल्या मोठ्या इमारतीत 300 अनाथ मुलांची सोय होती. पैशासाठी तो माणसांपुढे हात पसरत नसे, देवाकडे मागे. आणि दरवर्षी जमाखर्च छापून लोकांसमोर ठेवी. त्याचं नाव घेणारे पहिला भाग सांगतात, दुसरा गाळतात.

निर्णयापुरतं म्हणाल तर कागदाचे दोन भाग करा. डावीकडे मी करायचं ते: माहिती काढणं, खर्च मांडणं (लूक 14:28), ज्यांना माझ्या निर्णयातून काही मिळणार नाही अशा दोघातिघांचा सल्ला. उजवीकडे माझ्या हातात नसलेलं. प्रार्थना दोन्हींसाठी, पण डावी बाजू रिकामी ठेवून उजवीची प्रार्थना करणं म्हणजे मत्तय 4:7 मधली देवाची परीक्षा पाहणं.

मोहरी
स्तोत्र 131 अजून कुणी काढलं नाही याचं नवल वाटतं. तिथलं मूल तान्हं नाही, दूध तुटलेलं आहे. ते आईजवळ बसलं आहे, पण दुधासाठी रडत नाही. मागणी संपली तरी जवळीक राहिली. दोघांच्या वादाला याची गरज आहे.

एक गंभीर गोष्ट. बरं न झालेल्या आजाऱ्याला "तुमचा विश्वास मुलासारखा नाही" असं सांगितलं जातं. हे क्रूर आहे. गेथशेमाने बागेत "अब्बा, बापा" म्हणून हाक मारणाऱ्या येशूचा दुःखाचा प्याला टळला नाही (मार्क 14:36). पौलाने आपल्या शरीरातल्या काट्यासाठी (2 करिंथ 12) तीनदा विनंती केली, काटा राहिला. आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्याने हे वाक्य उच्चारू नये. एखादं स्तोत्र वाचावं, औषधाची वेळ विचारावी, थोडा वेळ बसून निघावं.

द्राक्षवेल
मोहरी, सहमत. बिरुयाकर, कागदाच्या दोन बाजू मी घेईन, फक्त क्रम बदलून: उजवी आधी. डावीने सुरुवात केली की ती भरत जाते आणि प्रार्थना शेवटी शिक्का मारण्यापुरती उरते. याकोब 4:13-15 मधले व्यापारी बेत करत होते म्हणून चुकले नाहीत. "प्रभूची इच्छा असेल तर" हे त्यांच्या बेतात नव्हतंच.

बिरुयाकर
नव्या विश्वासणाऱ्याच्या बाबतीत मी डावी आधीच ठेवीन. त्याला अजून देवाचा आवाज आणि वर्गासमोर उभ्या माणसाचा आवाज यांतला फरक कळत नसतो. बाप्तिस्म्याच्या तयारीचा पहिला धडा माझ्या मते प्रेषित 17:11 असावा: बिरुयातले लोक पौलाचंही म्हणणं शास्त्रात रोज पडताळून पाहत होते. मत्तय 18 दुसऱ्या आठवड्यात, आणि तेव्हा सहावं वचन वगळायचं नाही.