भावाला फोटोग्राफी करायची आहे: कोर्स करावा की सरळ कॅमेरा घ्यावा? (बजेट 1 लाख 40 हजार)

उदगीरची_लेक
नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ यंदा बारावी कॉमर्स झाला, 61 टक्के. दोन वर्षं झाली, गावातल्या एका स्टुडिओवाल्या काकांबरोबर लग्नाच्या ऑर्डरला जातो. आधी नुसता लाइट धरायचा, आता हळदीचे फोटो काका त्याच्यावर सोडतात. त्याला हेच करायचंय. बाबांचं म्हणणं, आधी डिग्री, मग काय करायचं ते कर. पुण्याच्या एका खाजगी कॉलेजचं तीन वर्षांच्या फोटोग्राफी डिग्रीचं माहितीपत्रक मागवलं, तर एका वर्षाची फी म्हणजे आमचं दोन वर्षांचं सोयाबीन.
माझ्या पगारातून साठवलेले 1 लाख 40 हजार आहेत. कोर्स, कॅमेरा, राहणं-खाणं सगळं यातच. कर्ज काढायचं नाही, बाबांचं एक अजून फिटायचंय. प्रश्न एवढाच की या धंद्यात सर्टिफिकेट कोणी विचारतं का?

कॅन्डिड_कुटुंब
अकरा वर्षं, तीनशेच्या वर लग्नं. एकाही वधूपित्याने माझं सर्टिफिकेट पाहिलेलं नाही. ते तीनच गोष्टी विचारतात: इन्स्टा दाखवा, अल्बम कधी देणार, कमी किती करणार. मी स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर आहे. कोर्सवर पैसे घालवू नका. सोनी ए7 फोर कॅमेरा आणि 24-70 लेन्स घेऊन टाका, पुढची पाच वर्षं बघायला नको.

उपाशी_शटर
1 लाख 40 हजारांत नुसती बॉडीपण (लेन्सशिवायचा कॅमेरा) येत नाही ती. प्रश्न वाचला का?

कॅन्डिड_कुटुंब
ईएमआय असतो.

उदगीरची_लेक
कर्ज नको म्हटलंय हो दादा.

जुना_रोलवाला
मी 1986 पासून या धंद्यात. आमच्या वेळी 36 चा रोल. उस्तादांनी पहिले सहा महिने डार्करूममध्ये हायपो (फोटो पक्का करायचं रसायन) ढवळायला लावला, कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. आता पोरं एका लग्नाचे चार हजार फोटो काढतात आणि त्यातले चाळीस बरे निघाले की स्वतःला आर्टिस्ट म्हणवतात. सर्टिफिकेट वगैरे काही लागत नाही. देशातल्या पहिल्या बाई प्रेस फोटोग्राफर होमाई व्यारावालांनी कुठला कोर्स केला होता? पद्मविभूषण मिळालं बाईंना.

चित्रकला_मास्तर
रोलवाले, होमाईबाई जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थिनी. शिक्षण नको म्हणणाऱ्याने निदान त्यांचं नाव घेऊ नये.

जुना_रोलवाला
जे.जे.त चित्रकला शिकल्या असतील. कॅमेरा नवऱ्याकडून शिकल्या, माणेकशांकडून.

चित्रकला_मास्तर
आणि चौकट कशी बांधायची हे कुठून आलं? तेच तर म्हणतोय. मोठे छायाचित्रकार घ्या: लाला दीनदयाळ रुरकीला इंजिनिअरिंग शिकले, रघु राय सिव्हिल इंजिनिअर. म्हणजे फोटोग्राफीचं नसेल, पण काहीतरी शिस्तीत शिकलेले लोक आहेत हे. छायापत्रकार दानिश सिद्दिकी दिल्लीच्या जामियात मास कम्युनिकेशन शिकला आणि 2018 चं पुलित्झर (पत्रकारितेतलं मोठं पारितोषिक) मिळालेल्या चमूत होता.
ताई, तुमच्या भावाला जे.जे. उपयोजित कला सुचवेन. चार वर्षांचं बीएफए म्हणजे ललित कलेची पदवी, त्यात छायाचित्रण आहे. खाजगीच्या मानाने फी पुष्कळ कमी. मात्र प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि चित्रकलेचा हात लागतो.

उदगीरची_लेक
मास्तर, त्याने एलिमेंटरीच्या परीक्षेत आंबा काढला होता, तो बाईंना बटाटा वाटला.

पेठेतला
पुण्यात एफटीआयआय (फिल्म इन्स्टिट्यूट) आहे की! सरकारी आहे. तिकडे घाला.

उपाशी_शटर
तिथला सिनेमॅटोग्राफीचा तीन वर्षांचा कोर्स पदवीनंतरचा आहे आणि तो सिनेमाचा. बारावीवर नाही. तसंच एनआयडी या डिझाइन संस्थेचं फोटोग्राफी डिझाइन, तेही पदव्युत्तर, गांधीनगरला. दर वेळी कोणीतरी हे दोन सांगतंच.

पेठेतला
मग आधी पदवी घेऊ दे.

सौ_कोथरूड
माझ्या मुलीने तीन वर्षांची फोटोग्राफीचीच डिग्री केली म्हणून लिहिते. संस्थेचं नाव घेत नाही. फी भरताना दरवर्षी पोटात गोळा यायचा. स्टुडिओतल्या चार फ्लॅशपैकी दोन कायम दुरुस्तीला. एक सर चांगले होते, ते दुसऱ्या वर्षी सोडून गेले. बिल कसं करायचं, करार कसा लिहायचा, अ‍ॅडव्हान्स किती घ्यायचा, यातलं एक अक्षर शिकवलं नाही.
पण खरं तेही सांगते. आज ती कपड्यांच्या एका कंपनीसाठी कॅटलॉग शूट करते, ते काम वर्गातल्या मैत्रिणीमुळे मिळालं. त्या मैत्रिणीलाही दुसऱ्या वर्गमित्रानेच चिकटवलं होतं. फी बहुधा त्याचीच होती. उदगीरला राहून लग्नंच करायची असतील तर ती पुण्यातली ओळख काय कामाची, तुम्हीच बघा.

बोराबझार_रिटर्न
निकॉन डी750 कॅमेरा विकणे आहे. शटर काउंट (आजवर काढलेले फोटो) 92 हजार, दोन बॅटऱ्या, बॉक्स नाही. 45 हजार. ताईंनी व्यनि (खाजगी निरोप) करावा.

लाल_फीत
सगळे लग्नातच अडकलेत. सरकारी नोकरी कोणी बोलत नाही. माहिती व जनसंपर्क, पोलिसांचे न्यायवैद्यक विभाग, पुरातत्त्व, मेडिकल कॉलेजं, या ठिकाणी छायाचित्रकाराची पदं असतात. जागा मोजक्या आणि कधीतरीच निघतात, पण जाहिरातीत शैक्षणिक अर्हता लिहिलेली असते. तिथे तुमचे इन्स्टाचे फॉलोअर कोणी मोजत नाही, कागद नसेल तर अर्ज छाननीतच बाद. आयटीआयला डिजिटल फोटोग्राफर नावाचा एक वर्षाचा ट्रेड आहे, दहावी पासवर. फी अगदी किरकोळ. जवळच्या कुठल्या आयटीआयला आहे ते चौकशी करून बघा, सगळीकडे नसतो.

कॅन्डिड_कुटुंब
आयटीआय! वेल्डर आणि फिटरच्या शेजारी बसून बोके (फोटोतली मागची धूसर बाजू) शिकवणार का?

लाल_फीत
फिटर महिन्याच्या एक तारखेला पगार घेतो. तुमचं पावसाळ्यात काय असतं?

कॅन्डिड_कुटुंब
पावसाळ्यात मी प्री-वेडिंग करतो, लोणावळ्याला.

मेलबर्नकर
इथे ऑस्ट्रेलियातून लिहितोय. फोटोग्राफर म्हणून कायमचं यायचं असेल तर व्हेटअ‍ॅसेस नावाची संस्था तुमचं शिक्षण आणि अनुभव तपासते, तिथे कागदाशिवाय हलत नाही पान. माझा एक मित्र, कामात आमच्या सगळ्यांचा बाप, पण शिक्षण बारावी. राहिला भारतातच. उलट ब्रिटनच्या रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचं एलआरपीएस (नावापुढे लावायचा किताब) मिळवायला शाळा-कॉलेज काही बघत नाहीत. दहा फोटोंचा संच पाठवायचा, फी भरायची, परीक्षक ठरवणार. पुढचं एआरपीएस पंधरा फोटोंचं.

उपाशी_शटर
ते एलआरपीएस नावापुढे लावून उदगीरला काय होणार? लोक म्हणतील एलआयसीचा एजंट आहे.

ड्रोनवाले_बापू
कायद्याने कागद लागतो अशी या धंद्यात एकच गोष्ट आहे, ती कोणीच सांगितली नाही. ड्रोन. 2021 च्या नियमांनुसार धंद्यासाठी ड्रोन उडवायचा तर रिमोट पायलट सर्टिफिकेट पाहिजे. वय 18 पूर्ण, दहावी पास, मान्यताप्राप्त संस्थेत आठवडाभराचं ट्रेनिंग. माझे 45 हजार गेले. आता सर्टिफिकेटवाला म्हणून जमीन मोजणीची, सोलरची कामंसुद्धा येतात. लग्नात ड्रोनचे वेगळे पैसे मिळतात ते वेगळेच.

कॅन्डिड_कुटुंब
माझा मिनी 249 ग्रॅमचा आहे. काही लागत नाही.

ड्रोनवाले_बापू
250 ग्रॅमपर्यंत नॅनो, त्याला पायलट सर्टिफिकेट नाही, बरोबर. पण रेड झोनमध्ये (विमानतळासारख्या मनाईच्या भागात) परवानगी त्यालाही लागते. लोहगाव विमानतळाजवळच्या लॉनवर तुम्ही उडवताना मी पाहिलंय की.

कॅन्डिड_कुटुंब
तो मी नव्हे.

सोयरीक_सल्ला
ताई, मुद्द्याचं कोणी बोलत नाही. कॅमेऱ्याला डिग्री लागत नाही, लग्नाला लागते. दुसऱ्या कोणाच्या नाही, मुलाच्या स्वतःच्या लग्नाला. माझ्या चुलतभावाचा स्टुडिओ आहे, महिन्याला इंजिनिअरपेक्षा जास्त कमावतो, पण बायोडेटात शिक्षण बारावी. सात स्थळं परत गेली. शेवटी मुक्त विद्यापीठातून बीए केलं तेव्हा जमलं.

सौ_कोथरूड
ज्या घरात कागद बघून मुलगी देतात तिथे देऊच नये.

सोयरीक_सल्ला
कोथरूडमध्ये बसून बोलायला सोपं आहे.

चित्रकला_मास्तर
धागा कुठे चाललाय? त्या मुलाचं वय 18 आहे.

रात्रपाळी
सर्टिफिकेटचं जाऊ द्या. मी 2019 ला एका लग्नाचं शूट केलं, कॅमेऱ्याला एकच कार्ड स्लॉट. अक्षता पडल्या, जेवायला बसलो, कार्ड काढून लॅपटॉपला लावलं तर म्हणतं फॉरमॅट करा. रिकव्हरीवाल्याने अर्धेच फोटो काढून दिले. मंगळसूत्राचा एकही नाही. नवरीच्या वडिलांनी एक शब्द उच्चारला नाही, नुसते बघत राहिले. मी सगळे पैसे परत केले, तरी आजही ते गाव लागलं की गाडीची काच वर करतो. तेव्हा दोन स्लॉटचा कॅमेरा घ्या, जुना चालेल. आणि घरी पोचल्यावर जेवायच्या आधी दोन ठिकाणी कॉपी.
दुसरं, कुठल्याच कोर्समध्ये मला कोणी सांगितलं नाही ते. पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून फोटो काढला आणि वेगळा करार नसेल तर कॉपीराइट कायद्याने पहिला मालक तो गिऱ्हाईक, आपण नाही. आपल्या पेजवर टाकायचे असतील तर ऑर्डर घेतानाच पावतीच्या मागे एक ओळ लिहून सही घ्या.

बोराबझार_रिटर्न
डी750 ला दोन स्लॉट आहेत. 43 हजार.

कॅन्डिड_कुटुंब
निकॉनचे स्किन टोन पिवळे येतात.

जुना_रोलवाला
पिवळे हळदीमुळे येतात.

उपाशी_शटर
ताई, या गोंधळात माझं मत. दीड वर्षाचा विचार करा. कोर्स नको. साठेक हजारांत जुनी फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी आणि 50 एमएम 1.8 लेन्स, दहा-बारा हजारांचा गोडॉक्स फ्लॅश, उरलेले बँकेत. काकांकडे न जाता लातूर किंवा नांदेडला मोठ्या टीममध्ये सेकंड शूटर (मुख्य फोटोग्राफरच्या जोडीचा) म्हणून जाऊ दे. एकाच उस्तादाचा हात लागला की त्याच्या चुकाही जशाच्या तशा हातात येतात. आमच्या गावात एक काका प्रत्येक जोडप्याला हनुवटीखाली बोट लावायला सांगायचे, त्यांचे सहा चेले आज तेच करतात.

पेठेतला
मी अजूनही म्हणेन एफटीआयआय.

उदगीरची_लेक (तीन आठवड्यांनी)
सगळ्यांचे आभार. बरेच जण व्यनिमध्ये विचारतायत म्हणून लिहिते. भावाने सगळा धागा वाचला आणि तुमच्यापैकी कोणाचंच ऐकलं नाही, माझंही नाही. मी आयटीआयवर आले होते.
त्याचं म्हणणं असं. उदगीरला तुळशीच्या लग्नानंतर चार-पाच महिने ऑर्डरी, बाकी वेळ काका गल्ल्यावर माश्या मारतात. पण तहसीलसमोर बारा महिने गर्दी. शिष्यवृत्ती, पोलीस भरती, बँकेची परीक्षा, नीट, जातीचा दाखला, प्रत्येकाला फोटो. तर त्याने एका झेरॉक्सवाल्याच्या दुकानातला अर्धा भाग भाड्याने घेतलाय. एप्सनचा सहा शाईंचा प्रिंटर, जुना कॉम्प्युटर, दोन सॉफ्टबॉक्स लाइट, पांढरा पडदा आणि काकांचाच जुना कॅनन, हप्त्याने. हप्ता काकांना, बँकेला नाही. 38 हजार अजून शिल्लक आहेत. रविवारी आणि मुहूर्ताला काकांबरोबर ऑर्डरला जाणारच. बाबांसाठी मुक्त विद्यापीठात बी.कॉम.चा फॉर्म भरलाय.

कॅन्डिड_कुटुंब
चूक केलीत ताई. पासपोर्ट फोटो मरणारा धंदा आहे, आता फोनवर अ‍ॅप आहेत. शिवाय पासपोर्टचा फोटो पासपोर्ट केंद्रातच काढतात.

लाल_फीत
पासपोर्ट कोण काढायला येतंय तिथे? बाकी अर्जांना फोटो लागतोच. अजून आयटीआयचा प्रवेश चालू असेल बघा.

सोयरीक_सल्ला
बी.कॉम.चं उत्तम केलंत. दुकान स्वतःच्या नावावर आहे का?

जुना_रोलवाला
पडद्याला चिकटवून उभं करू देऊ नका, तीन-चार फूट पुढे बसवा, नाहीतर कानामागे सावली पडते आणि सगळं गाव बहिरं दिसतं. दोन्ही लाइट तिरके, डोळ्यांपेक्षा थोडे वर. चष्म्यावर चमक आली तर माणसाला हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगायचं, लाइटशी खेळत बसायचं नाही. केस विस्कटलेले असतील तर कंगवा द्या, आणि तो रोज धुवा.

उदगीरची_लेक
कंगवा राहिलाच होता, आजच घेते. पहिल्या दिवशी 17 जण आले. त्यातल्या 11 जणांना फोटो काढायचाच नव्हता. बँकेच्या फॉर्मला फोटो 20 ते 50 केबीत आणि सही 10 ते 20 केबीत बसवून पाहिजे होती. भावाने तसंच करून दिलं, फुकट.

जुना_रोलवाला
फुकट? आजपासून दहा रुपये. पाटी लावा.

बोराबझार_रिटर्न
40 ला फायनल.