मदत हवी आहे: कंपायलर बदलल्यापासून ४६४.एच२६४रेफ संपतच नाही

चकवा: जीसीसी या कंपायलरची (लिहिलेला कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणाऱ्या प्रोग्रॅमची) नवी आवृत्ती घेतल्यापासून, स्पेक सीपीयू २००६ या संगणकाचा वेग मोजणाऱ्या चाचणीसंचातला ४६४.एच२६४रेफ हा प्रोग्रॅम रात्रभर चालवूनही संपत नाही. हाच कोड जुन्या कंपायलरवर नीट चालत होता, म्हणजे दोष कंपायलरचाच आहे. उद्या चाचणीचे आकडे द्यायचे आहेत, तेव्हा कृपया लवकर उपाय सांगावा.

सुतारपक्षी: आवृत्ती कोणती आणि ऑप्टिमायझेशनची (कंपायलरने कोड वेगवान करण्याची) पातळी कोणती, हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

पाणचक्की: आमच्याकडे असे झाले तेव्हा रॅम सदोष निघाली होती. मेमटेस्ट चालवून पाहावी.

चकवा: बाकीचे सगळे प्रोग्रॅम चालतात, त्यामुळे रॅमचा प्रश्न नाही. ४.७ वरून ४.८ वर आलो आहे. ओ-२ या ऑप्टिमायझेशनच्या पातळीवर अडकतो, ओ-० वर म्हणजे ऑप्टिमायझेशनशिवाय चालतो. हे लिहायचे राहिले.

सुतारपक्षी: तेच तर महत्त्वाचे होते! या प्रोग्रॅममधल्या एका लूपमध्ये (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात) १६ घटकांचा ॲरे (मूल्यांची यादी) वाचताना निर्देशांक आधी वाढवला जातो, त्या जागेवरचे मूल्य उचलले जाते आणि मगच निर्देशांक १६ पेक्षा लहान आहे का हे तपासले जाते; त्यामुळे शेवटच्या फेरीत ॲरेबाहेरचा घटक वाचला जातो. सी भाषेच्या मानकानुसार असे वाचन अव्याख्यात (त्याचे काय व्हावे हे न ठरवलेले) असल्याने ४.८ असे धरून चालते की निर्देशांक १५ च्या पुढे जातच नाही, म्हणून ती तपासणी नेहमीच खरी ठरते, गाळली जाते आणि लूप थांबतच नाही. ४.८ च्या प्रकाशन-टिपणीत या प्रोग्रॅमचे आणि याच संचातल्या ४१६.गेमेसचे नाव घेऊन इशारा दिलेला आहे.

उंबरठा: अशा चुका व्हॅलग्रिंड हे मेमरीतल्या चुका शोधणारे साधन लगेच पकडते.

सुतारपक्षी: स्टॅटिक (प्रोग्रॅमभर टिकणाऱ्या) किंवा स्टॅकवरच्या (फंक्शनपुरत्या) ॲरेची मर्यादा ओलांडलेली त्याला दिसत नाही. ४.८ मध्येच आलेला ॲड्रेस सॅनिटायझर हा तपासक वापरावा.

पाणचक्की: इतके कळणाऱ्या कंपायलरने इशारा द्यावा, गुपचूप तपासणी कशी काय गाळतो?

सुतारपक्षी: मर्यादा मोडली आहे हे त्याला कळलेले नसते, ती मोडली जात नाही, एवढेच तो गृहीत धरतो. चकवा, हे गृहीतक बंद करणारा एफ-नो-ॲग्रेसिव्ह-लूप-ऑप्टिमायझेशन्स हा फ्लॅग (कंपायलरला द्यायची सूचना) लावून पाहा.

चकवा: प्रोग्रॅम संपला! पण स्पेकच्या नियमाने मूळ कोड बदलता येत नाही आणि बेस निकालात (समान फ्लॅगांनी काढलेल्या मूळ निकालात) सी भाषेच्या सर्व प्रोग्रॅमांना सारखेच फ्लॅग लावावे लागतात. मग हा फ्लॅग एकट्या ४६४.एच२६४रेफलाच लावला तर चालेल का?

सुतारपक्षी: एकट्यासाठी पोर्टेबिलिटीची (प्रोग्रॅम नीट चालावा म्हणून वेगळा फ्लॅग लावण्याची) सवलत हवी असेल, तर ती स्पेकच्या मान्यतेने मिळते. उद्यापर्यंत ते होणार नाही, म्हणून सी भाषेच्या सगळ्या प्रोग्रॅमांना लावा. ४.७ शी तुलना करणार असाल, तर तिथे मात्र तो काढा, कारण त्या आवृत्तीला हा फ्लॅग ओळखताच येत नाही.