टोकियो डिस्नी-सी: एकटीने एक दिवस – मदत हवी आहे

भटकी_ठाणेकर:

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी टोकियोला जाते आहे. ट्रेनिंग गुरुवारी संपतं आणि परतीचं विमान शनिवारी रात्री उशिरा. शुक्रवार अख्खा आणि शनिवार बराचसा माझा. बरोबरचे सहकारी गुरुवारीच निघणार, त्यामुळे जे काय करायचं ते एकटीने. मुक्काम शिनागावाला.

मला डिस्नी-सी या डिस्नीच्या थीम पार्कला जायचंय. डिस्नीलँड जगात बऱ्याच ठिकाणी आहे, पण डिस्नी-सी फक्त तिथेच, म्हणून ते. घरी सांगितल्यावर जे काय झालं ते विचारू नका. मुलगा अकरावीत आहे, तो म्हणाला, "आई, तिकडे लहान मुलं जातात." सासूबाई म्हणाल्या, "एकटी जाऊन काय पाळण्यात बसणार का?" नवरा काहीच बोलला नाही, पण रात्री "तिकीट कितीला असतं गं?" असं दोनदा विचारून गेला. आता एवढं ऐकल्यावर जाणं भागच आहे.

इथले जुने धागे चाळले. सगळे "मुलांना घेऊन" या पठडीतले. बाबागाडी कुठे भाड्याने मिळते, दूध गरम कुठे करायचं वगैरे. चांगले आहेत, पण माझ्या कामाचे नाहीत. वय ४६, बरोबर कुणी नाही, आणि मानेचा त्रास आहे (सर्व्हायकल, पट्टा लागत नाही पण झटका बसला की दोन दिवस कामातून जाते). उलट्यापालट्या करणाऱ्या राइड्स आपोआप बाद. मग उरतं काय, आणि उरलेल्यासाठी एवढे पैसे घालावेत का, हा पहिला प्रश्न.

दुसरं खाण्याचं. अंडं चालतं, मांस-मासे अजिबात नाही. जपानमध्ये रश्शात, सुपात, कशातही माशाचा अर्क असतो असं ऐकून आहे. बॅगेत थेपले, भाकरवडी नेलेली चालते का?

शुक्रवार घ्यावा की शनिवार? जपानी येत नाही. दिवसभर एकटी हिंडताना अगदीच विचित्र दिसेन का, हेही कुणी प्रामाणिकपणे सांगितलं तर बरं. "लोक काय म्हणतील" हा प्रश्न टोकियोत जाऊनही सुटत नाही बघा.

---

वाटसरू_कोकण:

ताई, राग मानू नका, पण पहिल्यांदा जपानला जाताय आणि एक दिवस अमेरिकन कंपनीच्या जत्रेत घालवणार? शिनागावाहून योकोसुका लाइनने गाडी न बदलता तासाभरात कामाकुराला पोचता. तिथला उघड्यावर बसलेला ब्राँझचा बुद्ध, डोंगरातल्या पायवाटा, खाली समुद्र. डिस्नीच्या तिकिटापेक्षा कितीतरी कमी पैसे लागतील.

---

तोझाई_लाइन:

वाटसरू, त्यांनी डिस्नी-सीबद्दल विचारलंय, "जपानमध्ये काय बघू" असं नाही. आणि शनिवार मोकळाच आहे की, कामाकुरा तेव्हा होईल. (बाकी जत्रा अमेरिकन नाही हो. ओरिएंटल लँड नावाची जपानी कंपनी चालवते, डिस्नीकडून फक्त परवाना घेतलाय. फरक आत गेल्यावर कळतो, झाडून काढणारा माणूससुद्धा वाकून नमस्कार करतो.)

भटकी, मी निशी-कासाईला राहते, पार्कपासून हाकेच्या अंतरावर म्हणा ना. पाहुणे आले की एक फेरी ठरलेली, आणि मधूनमधून मी एकटीही जाते. तेव्हा सविस्तर लिहिते.

एकटीचं आधी. इथे एकट्याने डिस्नीला जाणं हा एक प्रकारच आहे, त्यात कुणाला काही वाटत नाही. कॉलेजच्या मुली, सूट घातलेले ऑफिसवाले, गळ्यात मोठा कॅमेरा अडकवून फक्त शोचे फोटो काढणाऱ्या साठीच्या बायका, सगळे एकटे दिसतात. राइडच्या तोंडाशी कर्मचारी "नान्मेई-सामा देसु का?" असं विचारतील, म्हणजे किती जण. एक बोट वर करायचं. तो पण एक बोट वर करून हसणार आणि तुला रांग दाखवणार. दिवसभराचं जपानी एवढंच.

शुक्रवारच घे. शनिवारी गर्दी जास्त असतेच आणि तिकीटही सहसा महाग असतं. किंमत तारखेनुसार ठरते: मोठ्यांसाठी ७,९०० ते १०,९०० येन. येनला साठ पैशांच्या आतबाहेर धर, म्हणजे नवऱ्याला काय सांगायचं ते कळेल. गेटवर तिकीट मिळेल या भरवशावर जाऊ नकोस, ऑनलाइनच काढायचं. साधारण दोन महिने आधी विक्री सुरू होते. आणि २३ नोव्हेंबरला इथे सुट्टी असते. ती शनिवार-रविवारला जोडून आली असेल तर आसपासच्या दिवसांतही तोबा गर्दी, तेवढं कॅलेंडर बघ.

पैसे जास्त वाटत असतील तर कामाच्या दिवशी संध्याकाळी पाचनंतर आत सोडणारं स्वस्त तिकीटही असतं. ट्रेनिंग संपवून गुरुवारीच जाता येईल. नोव्हेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो, म्हणजे सगळा पार्क दिव्यांत बघायला मिळेल. पण मी म्हणेन पूर्ण दिवसच घे. डिस्नी-सीची मजा राइडपेक्षा नुसतं हिंडण्यात आहे.

आत गेल्या गेल्या समोर पाण्याचं मोठं बंदर आणि त्यामागे ज्वालामुखी. माउंट प्रोमिथियस, ५१ मीटर उंच, मधूनच गडगडून जाळ टाकतो. त्याच्या पोटात शिरून पलीकडे निघालीस की वेगळाच देश. बंदरं वेगवेगळी: इटलीसारखं, जुन्या न्यूयॉर्कसारखं, अरबस्तान, आणि २०२४ च्या जूनमध्ये उघडलेलं नवं फँटसी स्प्रिंग्ज. पार्क २००१ चा आहे, पण रंगाचा टवका उडालेला मला अजून दिसलेला नाही. उलट जिथे गंज आणि ओल दिसते ती मुद्दाम रंगवलेली. बोटीच्या खिळ्यांखाली ओघळलेला तांबडा गंज बोटाने घासून बघ, रंग आहे.

जायचं कसं: सगळे सांगतील टोकियो स्टेशनला जाऊन केइयो लाइन पकड. ती लाइन नावालाच टोकियो स्टेशनात आहे. लाल पाट्यांमागे सरकत्या पट्ट्यांवरून दहा-पंधरा मिनिटं चालत राहायचं, मग जमिनीखाली उतरायचं. तू शिनागावाला आहेस तर एक स्टेशन ओसाकीला जा, तिथून रिंकाई लाइनने शिन-किबा, तिथे केइयो लाइनला बदल, दुसरं स्टेशन माइहामा, तेच पार्कचं. चालणं वाचतं.

---

मान_सांभाळून:

मानेचं मी सांगतो, मलाही मानेच्या मणक्यांचं (C5-C6) दुखणं आहे आणि बायकोने मला तिथे नेलं होतं.

टॉवर ऑफ टेरर नको, लिफ्ट पडते. रेजिंग स्पिरिट्स नको, पूर्ण गोल उलटा फिरवतात. इंडियाना जोन्स दिसायला जीपची सफर, पण जीप गचके खाते, तेही नको. गंमत म्हणजे एकट्या माणसाला लवकर सोडणारी सिंगल रायडर रांग असते ती नेमकी यातल्याच शेवटच्या दोघांना, म्हणजे आपल्याला तिचा उपयोग शून्य. जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थमध्ये सगळं संथ चाललंय असं वाटतं आणि शेवटी गाडी एकदम सुसाट सुटून खाली येते. तिथे लोक फसतात. निमोची पाणबुडी हलत्या खुर्च्यांची आहे, तीही टाळा.

आता उरलेलं. सोअरिंग: खुर्चीसकट उचलून पडद्यासमोर उडवतात, गचका नाही, मला दोनदा बसावंसं वाटलं. टॉय स्टोरीत बसल्या जागी नेमबाजी. सिंदबाद ही संथ बोट, बहुतेक वेळा रांगच नसते. सिंदबादबरोबर चंदू नावाचं फेटा घातलेलं वाघाचं पिल्लू आहे (२००७ मध्ये राइड बदलली तेव्हा आलं). त्याच्या बाहुल्या घेऊन मोठमोठी माणसं फिरत असतात. व्हेनिसची गोंडोला आहे, ती चालवणारे गातात. एक छोटी विजेची रेल्वे आहे, पाय दुखले की तीत बसायचं. फँटसी स्प्रिंग्जमध्ये रॅपन्झेलची बोट अगदी मऊ, फ्रोझनच्या बोटीला लहानशी घसरण आहे, मला काही झालं नाही. पीटर पॅनला हेलकावे आहेत, तुमचं तुम्ही ठरवा. डॉक्टरांना विचारून जा हे आलंच.

एवढ्यासाठी पैसे घालावेत का? माझ्या मते हो. घाबरवणाऱ्या राइड्सच हव्या असतील तर ओसाकाचं युनिव्हर्सल बरं.

---

भटकी_ठाणेकर:

तोझाई, मान_सांभाळून, दोघांनाही मनापासून धन्यवाद! कागदावर उतरवून घेतलं. वाटसरू, कामाकुरा शनिवारी नक्की, तुमचंही मन राखते.

फँटसी स्प्रिंग्जला आत जायलाच वेगळा पास लागतो असं कुठेतरी वाचलं. आणि खाण्याचं कुणी बोललंच नाही अजून.

---

तोझाई_लाइन:

वेगळ्या पासाची भानगड उघडलं तेव्हाची. आता नेहमीसारखी रांग लावता येते, मात्र नियम बदलत असतात, जायच्या आठवड्यात अधिकृत साइट बघ. रांगा लांब असतात. रांग टाळायची असेल तर प्रीमियर अॅक्सेस नावाची सोय आहे: आत शिरल्यावर फोनवरच्या अॅपमध्ये विकत घ्यायची, एका राइडला साधारण दीड-दोन हजार येन. फ्रोझन किंवा रॅपन्झेल यातल्या एकीला घे, दुसरीला उभी राहा. प्रत्येक राइडला घेत सुटलीस तर तिकिटाएवढे पैसे आणखी जातील. सोअरिंगला सकाळी उघडताच पळ. जाहीर वेळेच्या आधीच गेट उघडतात पुष्कळदा, त्यामुळे तासभर आधी पोचलीस तर फायदाच. अॅप भारतातूनच घालून, खातं उघडून, तिकीट त्यात दिसतंय ना हे बघून ये. सगळं फोनवर चालतं, तेव्हा नेटची सोय आणि पॉवर बँक हवीच.

थेपल्यांचं: बाहेरचं खाणं आत चालत नाही, गेटवर बॅग बघतात. पण गेटबाहेर डबा खायला जागा केलेली आहे आणि त्याच दिवशी बाहेर जाऊन परत आत येता येतं. मी दुपारी गर्दीच्या वेळी बाहेर येते, डबा खाते, परत जाते.

आतमध्ये अरेबियन कोस्टच्या कसबा फूड कोर्टात करी मिळते. नान बघून जीव हरखतो, पण करी "भाजीची" दिसली तरी रश्शात मांसाचा अर्क असू शकतो. काउंटरवर अॅलर्जीचा इंग्रजी तक्ता मागायचा. "मी शाकाहारी" एवढ्यावर थांबू नकोस, "नो मीट, नो चिकन, नो फिश, नो सूप स्टॉक" असं एकेक नाव घे. नुसतं "मांस नको" म्हटलं तर इथे कोंबडीला आणि मासळीला कुणी मांस धरत नाही. बटाट्याचे फ्राइज, चुरोस, आइस्क्रीम, पॉपकॉर्न यांवर दिवस निघतो. पॉपकॉर्न दर ठेल्यावर वेगळ्या चवीचं, आणि चवी बदलत राहतात. मसाल्याच्या वासाने ओढलं जाऊन करी पॉपकॉर्न घेणाऱ्या देशी मंडळींत मीही आहे.

रात्री बंदरावर बोटी आणि दिव्यांचा शो असतो, वारा फार असला तर रद्द करतात. एकट्या माणसाला पुढच्या कठड्याशी एवढीशी फट पुरते, चार जणांच्या कुटुंबाला तिथे जागा मिळत नाही. खाडीवरचं वारं हाडात जातं, तेव्हा ठाण्याच्या थंडीचा स्वेटर आणू नकोस. कानटोपी, हातमोजे, आतून थर्मल.

शो संपल्यावर भूक लागली आणि भात-आमटीची आठवण आली तर आमच्याकडे भारतीय जेवण मिळतं. निशी-कासाईत आपली माणसं पुष्कळ, वाणसामानाची दुकानंही आहेत. पार्कहून कासाई स्टेशनला थेट बस आहे, तिथून तोझाई लाइनने एक स्टेशन.

---

कांदा_लसूण_मसाला:

वाचनखूण साठवली. भटकी, परत आल्यावर वृत्तांत टाका, आणि मुलाला फोटो पाठवायला विसरू नका, शक्यतो त्याचा तास चालू असताना.

---

भटकी_ठाणेकर:

हाहा, तेच करणार आहे. शुक्रवारचं तिकीट काढलं. मुलगा आता विचारतोय की टॉय स्टोरीची नेमबाजी एकट्याला खेळता येते का. मी म्हटलं, तिकडे लहान मुलं जातात.

शेवटची शंका: माइहामाला उतरल्यावर मोनोरेल घ्यायची की चालत जायचं?

---

तोझाई_लाइन:

सकाळी चालत, रात्री मोनोरेल. मोनोरेल एकाच दिशेने गोल फिरते. स्टेशनहून निघाली की आधी डिस्नीलँड, मग हॉटेलांचं स्टेशन आणि शेवटी डिस्नी-सी. तेवढ्या वेळात तू चालत पंधरा मिनिटांत पोचशील. परतीला मात्र डिस्नी-सीनंतरचं पहिलंच स्टेशन माइहामाचं आहे. ३०० येन पडतात, सुइका (रेल्वेचं प्रीपेड) कार्ड चालतं.