मदत हवी आहे: एन.डब्ल्यू.ए.च्या जुन्या सोबत्यांचा समेट कोणत्या गाण्यांतून ऐकावा?

नमस्कार. अमेरिकेतील कॉम्प्टन शहराच्या एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटातून आइस क्यूब १९८९ साली पैशांच्या वादावरून बाहेर पडला आणि १९९१ मध्ये ‘नो व्हॅसलीन’ या गाण्यात त्याने डॉ. ड्रेसह सगळ्या जुन्या सोबत्यांवर जहरी टीका केली. तरीही १९९४ च्या ‘नॅचरल बॉर्न किलाझ’ या सिंगलमध्ये क्यूब आणि ड्रे पुन्हा एकत्र आले, याचे मला फार अप्रूप वाटते. माझ्या मते २००० च्या ‘हॅलो’ या गाण्यात या दोघांसोबत गटातला एमसी रेनही असल्याने खरे पुनर्मीलन तेच, मात्र तोवर गटातला आणखी एक सोबती ईझी-ई हयात नव्हता. माझ्या पुतणीला हा समेट उलगडून सांगायचा आहे. त्यासाठी तिला कोणती गाणी, कोणत्या क्रमाने ऐकवावीत? शिव्या वगळलेल्या आवृत्त्या कुठे मिळतील, हेही जाणकारांनी कृपया सुचवावे.