वॉटरप्रूफिंगसोबत गच्चीवर हिरवं छप्पर करायचं का?

सचिव: नमस्कार मंडळी. गच्चीचं वॉटरप्रूफिंग यंदा नव्याने करायचंच आहे. त्यावर हिरवं छप्पर करावं, म्हणजे मातीचा थर देऊन झाडं लावावीत, असा प्रस्ताव आलाय. मतं कळवा.

तिसरा मजला, काका: माझा विरोध. माती आणि ओल स्लॅबवर नेऊन ठेवायची म्हणजे गळतीला आमंत्रण.

वरचा मजला, ताई: काका, भीती रास्त आहे. पण गळते ती माती नव्हे, खालचा वॉटरप्रूफिंगचा थर. आज तो उघडा पडलाय. दिवसा तापून फुगतो, रात्री आक्रसतो, त्यात उन्हातले अतिनील किरण. म्हणूनच भेगा पडतात. वर माती आणि झाडं आली की ऊन थेट लागत नाही आणि थर बराच जास्त टिकतो. फक्त क्रम पाळायचा: वॉटरप्रूफिंग, मुळं अडवणारा थर, पाणी वाहून नेणारा थर, गाळणीचं कापड, मग माती. आणि माती चढवण्याआधी गच्चीवर पाणी तुंबवून तपासणी झालीच पाहिजे. नंतर गळती शोधणं महाकठीण.

बी विंग, दादा: वजनाचं बोला. बागेतल्या साध्या मातीचा 10 सेंमी थर भिजला की चौरस मीटरला 180 किलोच्या घरात जातो. म्हणून परलाइट (फुगवलेल्या खडकाचे हलके दाणे), भाजलेल्या मातीचे खडे असं हलकं मिश्रण वापरतात. उथळ थराचं छप्पर भिजून साधारण 60 ते 150 किलो भरतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी होकार येईपर्यंत एक पोतंही वर जाऊ नये.

पहिला मजला, वहिनी: गारवा आम्हाला मिळणार का? खर्च तर सगळ्यांचा.

वरचा मजला, ताई: खरं सांगते वहिनी, घरातला गारवा मुख्यतः आम्हा वरच्यांना. तुमचा फायदा पावसात. मातीने 1 सेंमी पाऊस धरला तरी चौरस मीटरमागे 10 लिटर पाणी वरच थांबतं. उरलेलं सावकाश उतरतं, त्यामुळे खालच्या गटारावर एकदम लोंढा येत नाही. मुसळधार पाऊस लागून राहिला की माती भरते, तेव्हा उपयोग कमी. तेही लक्षात ठेवा.

बी विंग, दादा: शिकागोच्या सिटी हॉलवर 2001 मध्ये असं छप्पर झालं. इमारत 1911 ची. त्याच इमारतीचा दुसरा अर्धा भाग काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाचा, त्यावर तेव्हा काळं डांबरी छप्पर होतं. उन्हाळ्यात हिरवा भाग कितीतरी थंड असायचा. जुन्या इमारतीवरही जमतं, तपासणी नीट झाली तर.

तिसरा मजला, काका: आणि देखभाल? उत्साह ओसरला की वर रान माजेल.

वरचा मजला, ताई: जाड, रसाळ पानांची बुटकी झाडं घेऊ. रुजेपर्यंत पाणी नियमित द्यावं लागेल, पुढे कमी. पण उगवलेली रोपटी उपटणं आणि पाण्याची तोंडं साफ ठेवणं कायमचं. तोंडांभोवती माती नकोच, नुसती खडी. ही जबाबदारी आधी नेमून द्या, नाहीतर मीही नको म्हणेन.

सचिव: ठीक. आधी भार तपासणी, अहवाल ग्रुपवर टाकतो. त्यानंतरच सभेत मतदान.

तिसरा मजला, काका: पाणी तुंबवाल त्या दिवशी मला कळवा. खालून स्लॅब मी स्वतः बघणार.