‘नस’ शोधण्यासाठी करंट देणार म्हणजे नेमके काय? थोरल्या बंधूंच्या ॲब्लेशनपूर्वीची शंका

खाडीकाठची, देवगड

नमस्कार. माझे थोरले बंधू ट्रॉलरवर तांडेल आहेत, वय ५६. गेली दोन वर्षे त्यांच्या हृदयाचे ठोके मध्येच अनियमित होतात. हृदयरोगतज्ज्ञांनी एट्रियल फिब्रिलेशन असे निदान केले असून, गोळ्यांनी पुरेसा उतार न पडल्यामुळे मुंबईला जाऊन ॲब्लेशन (ठोके बिघडवणाऱ्या हृदयातील ऊती गोठवून किंवा जाळून निकामी करण्याचा उपचार) करून घेण्याचा सल्ला दिला आहे. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर असतात, तेव्हा त्याच दोन महिन्यांत हे व्हावे आणि ऑगस्टमध्ये आपण पुन्हा समुद्रावर जावे, असे दादांच्या मनात आहे.

डॉक्टरांनी आम्हांला समजावून सांगितले की, फुग्याच्या साहाय्याने गोठवण्याची पद्धत वापरली जाईल आणि उजव्या बाजूच्या शिरा गोठवताना एका ‘नसे’ला सतत करंट दिला जाईल, कारण ती नस जपावी लागते. या एका वाक्याने घरात काळजी वाढली आहे. आपल्या बोलण्यात रक्ताची शीरही नस आणि मज्जातंतूही नसच, त्यामुळे हृदयाच्या रक्तवाहिनीला विजेचा झटका देणार आहेत अशी आईची समजूत झाली आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून ही नस म्हणजे मज्जातंतू असावा एवढे मला कळले. पण जो जपायचा त्यालाच करंट का द्यायचा, आणि हृदयाच्या आत असलेल्या कॅथेटरला, म्हणजे शिरेतून घातलेल्या बारीक नळीला, हृदयाच्या बाहेरचा मज्जातंतू कसा सापडतो, हे मला आईला सांगता आले नाही. ज्यांना या कामाचा प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी कृपया समजावून सांगावे.

कॅथलॅब तंत्रज्ञ, मूळ गाव रत्नागिरी

ताई, आपली समजूत बरोबर आहे. डॉक्टरांनी सांगितलेली नस म्हणजे उजवा फ्रेनिक मज्जातंतू. तो मानेतील मणक्यांच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीतून निघतो, छातीतून खाली उतरतो आणि श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधील श्वासाच्या स्नायूला, आकुंचनाचा आदेश पोहोचवतो. वाटेत तो ऊर्ध्व महाशिरेच्या (शरीराच्या वरच्या भागातील रक्त हृदयात आणणाऱ्या मोठ्या शिरेच्या) बाहेरील बाजूला चिकटून जातो आणि पुढे उजव्या वरच्या फुप्फुसशिरेच्या अगदी समोरून उतरतो. एट्रियल फिब्रिलेशन सुरू करणारे विद्युत् ठोके बहुतेक वेळा फुप्फुसशिरांतून उगम पावतात, हे फ्रान्समधील बोर्दोच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये दाखवून दिले, आणि तेव्हापासून या शिरांची तोंडे अलिंदापासून (हृदयाच्या वरच्या कप्प्यापासून) विद्युत्‌दृष्ट्या तोडणे हा या उपचाराचा पाया झाला आहे. म्हणजे जिथे गोठवायचे आहे, त्याच्याच शेजारून हा मज्जातंतू जातो. मध्ये असतात त्या केवळ शिरेची पातळ भिंत आणि थोड्या ऊती.

अडचण अशी की हा तंतू क्ष-किरणांच्या पडद्यावर दिसत नाही. रक्तवाहिनीत डाय सोडली की ती दिसते. मज्जातंतूला तशी सोय नाही. तो ओळखायचा तर त्याला काम करायला लावणे हाच मार्ग उरतो. म्हणून मांडीच्या शिरेतून एक कॅथेटर ऊर्ध्व महाशिरेत वरपर्यंत नेतात. त्याच्या टोकाला प्लॅटिनमची छोटी कडी असतात, तेच इलेक्ट्रोड. ते भिंतीला टेकवून मिनिटाला साधारण ४० ते ६० या गतीने बारीक स्पंदने देतात. टोक तंतूजवळ आले की प्रत्येक स्पंदनाबरोबर श्वासपटल आकुंचन पावते आणि रुग्णाच्या पोटावर, उजव्या बरगडीखाली ठेवलेल्या हाताला उचकीसारखा ठोका लागतो. तो ठोका लागला की तंतू सापडला. शिरेच्या आत राहूनही बाहेरचा तंतू सापडतो, कारण विद्युत्‌प्रवाहाला शिरेची भिंत ही अडचण नसते.

आता जपायच्या तंतूला करंट का द्यायचा, याबद्दल. आपल्याकडील बागेच्या शिंपण्याचे उदाहरण घेतो. पाट मध्येच कुठे फुटला आहे का हे पाहायचे असेल, तर वरच्या तोंडाला पाणी सोडून खालच्या माडाच्या आळ्यात ते पोहोचते का ते पाहतात. इथेही तसेच आहे. गोठवण्याची जागा मध्ये, उत्तेजन तिच्या वरच्या बाजूला आणि श्वासपटल तिच्या खाली. मधला भाग थंडीने मंदावू लागला की हाताला लागणारा ठोका हलका होतो. थंडीने मज्जातंतूचे वहन आधी शिथिल होते, कायमची इजा त्यानंतर होते. म्हणून ठोका हलका झाल्याबरोबर गोठवणे थांबवले आणि फुगा सैल केला, तर बहुतेक वेळा तो तिथेच सावरतो. अनेक ठिकाणी केवळ हातावर विसंबत नाहीत, तर श्वासपटलाच्या स्नायूचा विद्युत् आलेखही पडद्यावर पाहत राहतात; त्याची उंची मूळच्या सुमारे ३० टक्क्यांनी घटली की तो इशारा मानून थांबतात. हाताला फरक जाणवण्यापूर्वी आलेखात तो दिसतो, असा माझाही अनुभव आहे.

यातली एक चूक मात्र आम्ही नव्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगतो. कॅथेटर घसरून फुग्याच्या पातळीखाली आले, तर उत्तेजन इजा होणाऱ्या जागेच्या पुढून दिले जाते; मग वरचा तंतू दुखावला तरी ठोका जोरात लागत राहतो आणि सगळे ठीक असल्याचा भास होतो. याउलट कॅथेटर भिंतीपासून सुटले तर ठोका थांबतो आणि तंतू निरोगी असूनही इजेची शंका येते. दुसऱ्या चुकीत वेळ जातो, पहिलीत रुग्णाचे नुकसान होते.

भूलतज्ज्ञ, कणकवली

वरील उत्तर नेमके आहे. त्यात माझ्या विषयातील एक मुद्दा जोडणे मला आवश्यक वाटते. पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी आम्ही स्नायू शिथिल करणारे औषध देतो. हे औषध मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधील सांध्यावर काम करते, म्हणून ते शरीरात असेपर्यंत मज्जातंतूला कितीही उत्तेजन दिले तरी श्वासपटल हलणार नाही. अशा वेळी ‘तंतू सापडला नाही’ या निष्कर्षाला काहीही अर्थ राहत नाही. म्हणून उजव्या शिरांकडे वळण्यापूर्वी औषधाचा प्रभाव पूर्ण उतरलेला असणे आवश्यक असते, आणि ते भूलतज्ज्ञाने स्वतः तपासून सांगायचे असते. आपण भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारावा. त्यात कुणाचा अविश्वास होत नाही. मला कोणी विचारले तर मला आनंदच होतो.

करंट देऊन मज्जातंतू शोधणे ही आमच्या विषयातही जुनी रीत आहे. जर्मनीतील शल्यविशारद गेऑर्ग पेर्टेस यांनी १९१२ मध्येच सुईतून विद्युत् उत्तेजन देऊन तंतू शोधण्याची पद्धत वर्णिली होती. हात किंवा पाय बधिर करताना आम्ही आवरण असलेली सुई हळूहळू पुढे नेतो आणि करंट कमी करत जातो, ०.५ मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू हलला तर टोक योग्य अंतरावर आहे असे मानतो, आणि ०.२ च्याही खाली हलत राहिला तर सुई तंतूच्या आत शिरली असावी या शंकेने ती मागे घेतो. सोनोग्राफी आल्यापासून हे कमी झाले आहे, पण संपलेले नाही.

जुना रुग्ण, अलिबाग

माझे ॲब्लेशन काही वर्षांपूर्वी झाले. मला पूर्ण भूल नव्हती, गुंगी होती, त्यामुळे त्या उचक्या मला आठवतात. दुखत नाही, पण आपल्या इच्छेविना पोट हलते तेव्हा घाबरायला होते. दादांना हे आधी सांगून ठेवावे. माझ्या बाबतीत ठोका हलका झाल्यावर त्यांनी लगेच थांबवले, तरी उजवे श्वासपटल काही काळ दुबळे राहिले. क्ष-किरण चित्रात ते वर सरकलेले दिसत होते. चढ चढताना आणि उताणे झोपल्यावर धाप लागे. सुमारे पाच महिन्यांनी ते पूर्ववत झाले. आपले बंधू समुद्रावर जाणारे आहेत म्हणून मुद्दाम सांगतो: छातीभर पाण्यात उतरल्यावर मला विशेष धाप लागत असे, कारण पाण्याचा दाब पोटातून श्वासपटलावर येतो. डॉक्टरांनी ‘सर्व ठीक’ म्हणेपर्यंत त्यांनी पाण्यात उतरू नये.

खाडीकाठची, देवगड

आपणां तिघांचे मनापासून आभार. पाटाच्या उदाहरणाने आईची समजूत पटली. अजून दोन शंका आहेत. पहिली, हा मज्जातंतू आधीच शोधून त्याची जागा नकाशावर नोंदवून ठेवली तर सतत उत्तेजन देण्याची गरज का राहते? दुसरी, घरातील वीज आणि हा करंट यांच्यात प्रमाण काय? गॅल्व्हानीने बेडकाच्या पायावर केलेले आणि १७९१ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग मी मुलांना दरवर्षी सांगते, तरी स्वतःच्या भावाच्या छातीबद्दल बोलताना मन घट्ट राहत नाही.

वैद्यकीय उपकरण अभियंता, चिपळूण

दुसऱ्या शंकेचे उत्तर आकड्यांत देतो. या कामात प्रवाह साधारण १० ते २० मिलिअँपिअर आणि प्रत्येक स्पंदन सुमारे २ मिलिसेकंदांचे असते. ऊतींचा रोध ५०० ओहम धरला, तर २० मिलिअँपिअरच्या एका स्पंदनाची ऊर्जा ०.४ मिलिज्यूल येते. हृदय थांबल्यावर छातीवर दिला जाणारा २०० ज्यूलचा झटका याच्या पाच लाख पट आहे. आईंच्या मनात जो झटका आहे तो हा दुसरा, आणि त्याचा या शोधण्याशी काही संबंध नाही.

स्पंदनाची लांबी हाही विचारपूर्वक निवडलेला आकडा असतो. फ्रान्सचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ लुई लापिक यांनी १९०९ मध्ये क्रोनॅक्सी ही संकल्पना मांडली: अतिदीर्घ स्पंदनाने जो किमान प्रवाह पुरतो, त्याच्या दुप्पट प्रवाहाने ऊती उत्तेजित होण्यासाठी लागणारा वेळ. स्नायूंना आदेश नेणाऱ्या जाड तंतूंची क्रोनॅक्सी मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या घरात असते, वेदना वाहणाऱ्या बारीक तंतूंची त्याच्या कित्येक पट. त्यामुळे लहान स्पंदने वापरली तर फारशा वेदनेविना स्नायूचा तंतू शोधता येतो. अंतराचा परिणाम याहून मोठा आहे, कारण लागणारा प्रवाह साधारणपणे अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. टोक दुप्पट दूर गेले तर चौपट प्रवाह लागतो. ‘किती कमी करंटला हलले’ हीच अंतराची मोजपट्टी होते.

कॅथलॅब तंत्रज्ञ, मूळ गाव रत्नागिरी

ताईंच्या पहिल्या शंकेबद्दल. उष्णतेने जाळण्याच्या पद्धतीत आपण म्हणता तसेच करतात. ज्या टोकाने जाळायचे त्याच टोकातून आधी जोरात उत्तेजन देतात. श्वासपटल हलले तर ती जागा त्रिमितीय नकाशावर खूण करून सोडून देतात. फुग्याचे तसे नसते. २८ मिलिमीटरचा फुगा शिरेच्या तोंडाशी फुगवून दाबला की शिरेचा आकारच बदलतो आणि भिंत मज्जातंतूकडे ढकलली जाते. आधी केलेली खूण त्या क्षणी निरुपयोगी ठरते, म्हणून शोध आणि पहारा एकाच वेळी चालू ठेवावा लागतो.

याच तत्त्वावर हृदयातील व्हेगस या ठोके मंदावणाऱ्या मज्जातंतूच्या पेशींचे पुंजकेही शोधले जातात. डाव्या अलिंदाच्या भिंतीवर सेकंदाला २० स्पंदने दिली आणि काही सेकंदांत ठोके एकदम मंदावले, तर खाली पुंजका आहे असे समजतात. वारंवार भोवळ येऊन पडणाऱ्या काही रुग्णांत असे पुंजके जाळण्याचा उपचार ब्राझीलच्या पाचोन यांनी २००५ मध्ये मांडला. मात्र एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हे पुंजके मुद्दाम जाळून लाभ होतोच असे नाही. ॲमस्टरडॅममधील २४० रुग्णांच्या २०१६ च्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या वेळी ते जाळल्याने लाभ दिसला नाही आणि गुंतागुंत मात्र वाढली. आपल्या बंधूंना हे कोणी सुचवले, तर कारण विचारून घ्यावे.

मालवणचा वाचक

मूळ विषयाला धरूनच विचारतो. रक्तदाबासाठी मूत्रपिंडाच्या धमनीतील मज्जातंतू जाळतात, तिथेही ते आधी करंट देऊन शोधतात का?

वैद्यकीय उपकरण अभियंता, चिपळूण

शोधता येतात, पण सर्वत्र शोधले जात नाहीत. धमनीच्या आतून उत्तेजन दिल्यावर रक्तदाब वाढला तर तिथे अनुकंपी, म्हणजे दाब वाढवणारे, तंतू आहेत, आणि जाळल्यानंतर तेच उत्तेजन दिले असता दाब वाढला नाही तर काम झाले, असा तर्क आहे. २०१४ मधील अमेरिकेतील मोठ्या चाचणीत हा उपचार बनावट शस्त्रक्रियेहून सरस ठरला नाही. तंतू खरोखर निकामी झाले की नाही हे टेबलावर कळण्याची सोय तेव्हा नव्हती, हे त्यामागील एक कारण मानले गेले. त्यानंतर उपकरणे आणि तंत्र सुधारले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दोन पद्धतींना मान्यता दिली. माझ्या मते जाळण्याआधी आणि नंतर उत्तेजन देऊन पाहणे ही या उपचाराची रूढ पायरी व्हायला हवी; निव्वळ अंदाजाने जाळत जाणे मला योग्य वाटत नाही.

खाडीकाठची, देवगड

आज रुग्णालयात फोनवर बोलले. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा प्रभाव उतरल्याची खात्री करूनच उजव्या शिरा घेतात आणि हाताबरोबर श्वासपटलाचा आलेखही पाहतात, असे भूलतज्ज्ञांनी स्वतः सांगितले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यातील तारीख मिळाली आहे. त्यानंतर किमान दोन महिने रक्त पातळ करणारी गोळी चालू राहील. त्या काळात जाळ्याच्या दोराने किंवा माशाच्या काट्याने हात कापला तर रक्त लवकर थांबणार नाही, म्हणून ऑगस्टच्या पहिल्या फेरीला दादांनी जाऊ नये असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. ते ऐकून दादा बराच वेळ गप्प होते. मग त्या फेरीची नौका पुतण्याने न्यावी असे त्यांनी स्वतःच म्हटले.